मॅन पेज सापडत नाही, सापडलं तर लागू पडत नाही: शिफ्टवरून येणारी नेहमीची तक्रार

रात्री साडेअकराला महापेहून फोन. तिथल्या सर्व्हर रूममध्ये मोबाइल दारावरच्या ट्रेमध्ये ठेवून आत जावं लागतं आणि आतल्या मशीनना इंटरनेट नाही. म्हणजे शोधायचं तर भिंतीवरचा लँडलाइन, नाहीतर मशीनच्या पोटात जे लिहून ठेवलंय ते, म्हणजे मुख्यतः मॅन पेजं: ‘मॅन’ आणि कमांडचं नाव मारलं की उघडणारी माहितीची पानं. फोनवर आमचा नवा पोरगा, लागून तीन आठवडे झालेला.

“दादा, मॅन टाइम उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की -व्ही दिलं तर प्रोग्रॅमने किती मेमरी खाल्ली ते कळतं. मी दिलं, तर म्हणतो -व्ही नावाची कमांडच नाही. मॅन पेज चुकलंय का?”

मॅन पेज बरोबर होतं. पोरगाही बरोबर होता. फक्त दोघं वेगवेगळ्या ‘टाइम’बद्दल, म्हणजे प्रोग्रॅमला किती वेळ लागला ते सांगणाऱ्या कमांडबद्दल, बोलत होते.

ही तक्रार माझ्याकडे दर महिन्याला नवा वेश घेऊन येते. कधी पान नाही, कधी पान आहे पण भलतंच, कधी पान बरोबर आणि मशीन वेगळं. लोक मग ‘लिनक्सचं डॉक्युमेंटेशन वाईट असतं’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. माहिती बहुतेक वेळा मशीनवरच असते. ती चार-पाच वेगवेगळ्या घरांत राहते आणि आपण चुकीचं दार वाजवत बसतो. कोणतं दार कधी वाजवायचं, ते एकदाच लिहून टाकतोय. कमांड फोनवर बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

आधी विचारा, कमांड कोणाची

पोराला म्हटलं, “टाइप -ए टाइम मार आणि काय येतं ते वाच.”

दोन ओळी आल्या. पहिली म्हणत होती की टाइम हा शेलचा, म्हणजे आपण टाइप केलेलं वाचून कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कीवर्ड आहे. दुसरी म्हणत होती की टाइम म्हणजे /यूएसआर/बिन/टाइम. नुसतं ‘टाइम’ लिहिलं की बॅश, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा शेल, स्वतःचाच कीवर्ड चालवतो. त्याला -पी सोडून दुसरा ऑप्शन माहीत नाही, म्हणून -व्ही पुढे आलं की तो तिलाच कमांड समजून शोधायला निघतो. मॅन पेज मात्र डिस्कवर पडलेल्या, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या टाइम प्रोग्रॅमचं. तोच हवा असेल तर पूर्ण पाथ द्यायचा, नाहीतर टाइमच्या आधी उलटा स्लॅश लावायचा; मग बॅश त्याला कीवर्ड मानत नाही. बॅशवाल्यांनी पूर्ण पाथ द्यावा ही सूचना त्याच मॅन पेजात आहे, पण हवा तो ऑप्शन दिसला की पुढचं कोण वाचतो!

एको, प्रिंटएफ, किल, टेस्ट, पीडब्ल्यूडी या सगळ्यांचं हेच आहे. एक प्रत शेलच्या आत, एक डिस्कवर, आणि दोघांच्या सवयी थोड्या वेगळ्या. मॅन दाखवतो डिस्कवरच्याचं पान, चालतो आतला.

सीडीची, म्हणजे डिरेक्टरी बदलायच्या कमांडची, गंमत याहून वेगळी. लिनक्सवर ‘मॅन सीडी’ केलं की बहुतेक ठिकाणी ‘पान नाही’ असं उत्तर येतं आणि नवखा माणूस गोंधळतो, की सगळ्यात साध्या कमांडचं पानच कसं नाही? कारण सीडी हा वेगळा प्रोग्रॅम असून चालतच नाही. चालू डिरेक्टरी ही त्या-त्या प्रोसेसची स्वतःची गोष्ट. शेलने दुसरा प्रोग्रॅम सुरू केला आणि त्याने आपली डिरेक्टरी बदलली, तरी तो संपल्यावर शेल होता तिथेच. म्हणून सीडी शेलच्या आतच असावी लागते, आणि तिची माहितीही आतच: ‘हेल्प सीडी’. मॅन पेजासारखी मांडणी हवी असेल तर ‘हेल्प -एम सीडी’. नुसतं ‘हेल्प’ मारलं तर बॅशच्या पोटातल्या सगळ्या कमांडची यादी येते. ती एकदा वाचून ठेवा. ज्याचं नाव त्या यादीत आहे त्यासाठी मॅन शोधायचं नाही.

मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्याला झेडशेल मिळतो आणि झेडशेलला ‘हेल्प’ ठाऊक नाही. तिथे ‘मॅन झेडएसएचबिल्टइन्स’ उघडा.

पान खरंच नसतं तेव्हा

कंटेनरमध्ये (एका कामापुरत्या छाटलेल्या सिस्टीममध्ये) शिरून ‘मॅन एलएस’ मारणारे महिन्याला दोन तरी निघतातच. उबंटूच्या इमेजमध्ये उत्तर येतं की ही सिस्टीम लहान केलेली आहे, लोक लॉगिन करत नाहीत अशा कामासाठी, आणि मॅन पेजं परत हवी असतील तर ‘अनमिनिमाइझ’ चालवा. नव्या आवृत्त्यांत ते वेगळं पॅकेज आहे, आधी इन्स्टॉल करावं लागतं. खालचं कारण साधं आहे. डीपीकेजीच्या, म्हणजे पॅकेज उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये एक फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की /यूएसआर/शेअर/मॅनखालचं काही उतरवायचंच नाही. त्यामुळे पॅकेज शंभर वेळा पुन्हा टाकलं तरी पान येत नाही. ही ओळ माहीत नसलेला माणूस अर्धा दिवस तेच पॅकेज काढतो आणि घालतो. मी स्वतः हे केलंय, नाव कशाला लपवू.

रेड हॅटच्या घराण्यात हेच काम तिथल्या पॅकेज प्रोग्रॅमच्या, डीएनएफच्या, कॉन्फिगमधली ‘टीएसफ्लॅग्ज=नोडॉक्स’ ही ओळ करते. ती काढून पॅकेज रीइन्स्टॉल केलं की पानं येतात. अल्पाइन या छोट्या लिनक्सचा हिशेब आणखी वेगळा: तिथे माहिती मुळातच निराळ्या पॅकेजात, नावापुढे ‘-डॉक’ लावलेलं, आणि वाचायला मॅनडॉक हा प्रोग्रॅमही वेगळा टाकावा लागतो.

पण माझं मत विचाराल तर प्रॉडक्शनच्या कंटेनरमध्ये पानं भरू नका. इमेज लहान ठेवायलाच कोणीतरी ती काढलीत. आपल्या लॅपटॉपवर तीच आवृत्ती घ्या आणि तिथे वाचा. तीच आवृत्ती, हे ठळक. का, ते पुढे येईल.

पान गायब होण्याचं दुसरं कारण आपल्याच हाताचं असतं. एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये लिहिलं होतं, प्रोफाइलमध्ये मॅनपाथ असा-असा एक्सपोर्ट करा. आमच्या माणसाने इमानेइतबारे केलं. त्या सॉफ्टवेअरची चार पानं दिसायला लागली आणि बाकीची सगळी नाहीशी, एलएससुद्धा. मॅनपाथ असा सरळ भरला की मॅन फक्त तिथेच पाहतो. त्या ओळीच्या शेवटी एक कोलन द्यायचा. रिकामा सोडलेला तो कोलन म्हणजे ‘आणि नेहमीच्या जागा पण’. ‘मॅनपाथ’ हीच कमांड मारली की सध्या कुठे-कुठे शोधलं जातंय ते दिसतं.

आणि ‘मॅन -के’ने शोधल्यावर काहीच योग्य नाही असं म्हणत असेल, तर पानं असतील पण त्यांची सूची बनलेली नसेल. रूट होऊन ‘मॅनडीबी’ चालवा. दोन मिनिटांचं काम आहे.

नाव बरोबर, भाग चुकला

एकदा ऐरोलीच्या ऑफिसात एक मुलगी क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पाच रकान्यांचा अर्थ शोधत होती. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘मॅन क्रॉनटॅब’ उघडून वीस मिनिटं वाचत बसली. ते पान ओळ कशी लिहायची हे सांगतच नाही. त्यात फाइल कशी उघडायची, कशी पुसायची, दुसऱ्याची कशी बघायची एवढंच. मी मागून जात होतो, म्हटलं, “मधे पाच घाल.” तिने ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ मारलं आणि रकाने समोर आले.

“हे पाच कुठून आलं?” 

जुनी गोष्ट आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं, त्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. कागदाचं पुस्तक, भाग पाडलेलं: पहिल्यात कमांड, दुसऱ्यात सिस्टीम कॉल, तिसऱ्यात लायब्ररीतली फंक्शन, चौथ्यात डिव्हाइस, पाचव्यात फाइलींची मांडणी, सातव्यात संकीर्ण. पुढे सहाव्यात खेळ आले, आठव्यात ॲडमिनची कामं. पुस्तक कपाटात गेलं, भाग मशीनवर राहिले. एकाच नावाची दोन पानं असली की मॅन ठरलेल्या क्रमात शोधतो, जे आधी सापडेल ते दाखवतो आणि दुसरं आहे हे सांगतही नाही.

पासवर्डची फाइल समजून घ्यायची तर ‘मॅन ५ पासडब्ल्यूडी’. नुसतं मारलं तर पासवर्ड बदलायच्या कमांडचं पान. सी शिकणाऱ्या पोरांना प्रिंटएफ तिसऱ्या भागात भेटतो, पहिल्यातला शेलसाठीचा. नावाची किती पानं आहेत ते ‘मॅन -एफ’ सांगतं, आणि ‘मॅन -ए’ एकामागून एक सगळी उघडतं. सातवा भाग मात्र लोक वाचतच नाहीत. सिग्नल, रेगेक्स, सिस्टीमडीला (मशीनवरच्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) वेळ कशी लिहून द्यायची, असलं सगळं तिथे आहे. एका कमांडचं नसलेलं, पण दहा कमांडना लागणारं.

-एच म्हणजे हेल्प नव्हे

हे जरा थांबून वाचा. आमच्याकडे एका अनुभवी माणसाने, रूट म्हणून, ‘शटडाउन’चे ऑप्शन आठवत नव्हते म्हणून सवयीने ‘शटडाउन -एच’ मारलं. त्याला वाटलं हेल्प येईल. शटडाउनमध्ये -एच म्हणजे मशीन बंद करणे. वेळ दिली नाही तर सिस्टीमडी एक मिनिट धरतो. त्या मशीनवर जो-जो लॉगिन होता त्याच्या टर्मिनलवर, कोणी एडिटरमध्ये, कोणी लॉग बघतोय, मधेच संदेश उमटला की सिस्टीम बंद होतेय. फ्लोअरवर एकदम खुर्च्या फिरल्या. नशीब, एक मिनिट होतं. ‘शटडाउन -सी’ने ते रद्द होतं, आणि शेजारच्याला ते पाठ होतं.

-एच चा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. एलएस आणि डीएफमध्ये माणसाला वाचता येतील असे आकडे. ग्रेपमध्ये, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडमध्ये, फाइलचं नाव छापू नको. मायएसक्यूएल आणि पीएसक्यूएलमध्ये होस्ट. म्हणून सवय लावायची ती पूर्ण शब्दाची, दोन डॅश आणि हेल्प. जीएनयूच्या लिखित नियमांत आहे की प्रत्येक प्रोग्रॅमने --हेल्प आणि --व्हर्जन मानावं, उत्तर नेहमीच्या आउटपुटवर छापावं आणि दुसरं काही न करता बाहेर पडावं. पण हा जीएनयूचा शिरस्ता. बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेकडून आलेल्या प्रोग्रॅमवर तो बंधनकारक नाही. मॅकवर एलएसला --हेल्प दिलं तर तो ओळख दाखवत नाही. एसएसएचही तसाच: त्याला तो अनोळखी ऑप्शन वाटतो, तक्रार करतो आणि तक्रारीसोबत वापराची यादी छापतो.

यातूनच दुसरी शंका येते: “दादा, हेल्प पाइपने लेसमध्ये (पानं उलटत वाचायचा प्रोग्रॅम) घातलं तर लेस रिकामं, ग्रेपमध्ये घातलं तर ग्रेप काही गाळत नाही.” यादी एररच्या वाटेने बाहेर पडली, पाइप फक्त साध्या आउटपुटला. पाइपच्या आधी ‘२>&१’ लिहा. ही दुसरी वाट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

इन्फो: माल चांगला, दुकान अडचणीचं

मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडच्या पानाच्या, ‘मॅन सेड’च्या, तळाला लिहिलेलं असतं की पूर्ण माहिती टेक्सइन्फो मॅन्युअलमध्ये आहे. लोक ही ओळ वाचतात आणि सोडून देतात. सोडू नका.

पार्श्वभूमी अशी की जीएनयूला मॅन पेज अपुरं वाटायचं. एक लांबलचक पान, त्यात उदाहरणं कमी, प्रकरणं नाहीत. म्हणून त्यांनी टेक्सइन्फो काढलं: एकाच मजकुरातून छापील पुस्तकही आणि पडद्यावर दुव्यांनी जोडलेलं वाचनही. कोअरयुटिल्सची, म्हणजे एलएस, सीपी, सॉर्ट वगैरेंची मॅन पेजं तर माणसं हातानं लिहीतच नाहीत. हेल्प-टू-मॅन नावाचा प्रोग्रॅम --हेल्पच्या आउटपुटवरून ती बनवतो. म्हणजे ‘एलएस --हेल्प’ वाचलं असेल तर ‘मॅन एलएस’मध्ये नवीन काही मिळणार नाही. सॉर्टचा -के नेमका कसा मोजतो, दोन की दिल्या तर बरोबरी कशी सुटते, हे उदाहरणांसह हवं असेल तर इन्फोच.

तरी लोक पळतात, कारण वाचायचा प्रोग्रॅम. इन्फो उघडला की ईमॅक्सच्या चालीची बटणं, पान उलटलं तर भलत्याच प्रकरणात, आणि बाहेर कसं पडायचं हा पहिला प्रश्न. क्यू दाबा. मी ‘इन्फो --सबनोड्स सेड’ पाइप करून लेसमध्ये टाकतो. सगळं पुस्तक एका लांब पट्टीत येतं, स्लॅश मारून शोधायचं, एन दाबून पुढे. दुवे जातात, पण मला दुवे नकोच असतात. व्हीआयचा हात असेल त्याने --व्हीआय-कीज लावावं.

इन्फोबद्दलची खरी कटकट ही: डेबियनवर ‘इन्फो टार’ (टार म्हणजे फाइली एकत्र बांधणारी कमांड) मारलं तर पुष्कळदा मॅन पेजच दिसतं, आणि माणसाला वाटतं इन्फोत वेगळं काही नाहीच. इन्फोला स्वतःचं मॅन्युअल सापडलं नाही की तो गुपचूप मॅन पेज दाखवतो. आणि टारचं मॅन्युअल सापडत नाही त्याला कारण तांत्रिक नाही, परवान्याचं आहे. जीएनयूच्या काही मॅन्युअलांत अमुक मजकूर बदलता येणार नाही अशी अट असते. डेबियनने २००६ मध्ये मतदान घेतलं आणि अशा अटीची मॅन्युअलं मुख्य भांडारात नकोत असं ठरवलं. म्हणून टार-डॉक हे वेगळं पॅकेज, नॉन-फ्री विभागात. तो विभाग सुरू केल्याशिवाय मिळत नाही. तत्त्व म्हणून मला त्यांचा मुद्दा समजतो. पण रात्री दोनला बॅकअपची टेप वाचायची असते तेव्हा तत्त्वाचा राग येतो.

पान दुसऱ्याच मशीनचं

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणारे आमचे दोघं-तिघं मॅकबुकवर काम करतात आणि सर्व्हर लिनक्सचे. सेडचा -आय हा तिथला नेहमीचा बळी. जीएनयूच्या सेडला -आय पुढे काही नको. बीएसडीच्या सेडला बॅकअप फाइलचं शेपूट द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामी अवतरणं, मध्ये स्पेस सोडून. नाही दिलं तर तो तुमची सेडची आज्ञाच शेपूट समजतो आणि फाइलच्या नावाला आज्ञा. मग जी एरर येते तिचा -आयशी काही संबंध आहे असं कोणालाही वाटणार नाही. लिनक्सवरचं पान वाचून मॅकवर चालवलं, एवढीच चूक.

एकाच मशीनवरही हे होतं. /यूएसआर/लोकल/बिनमध्ये कोणीतरी नवी आवृत्ती टाकलेली, पानं सोबत आणलेली नाहीत. कमांड नवी चालते, पान जुन्याचं उघडतं. ‘व्हिच -ए’ने कमांडचा पाथ बघा, ‘मॅन -डब्ल्यू’ने पानाचा. दोन्ही पाथांचं मूळ एकच नसेल तर पानावर विसंबू नका, त्या प्रोग्रॅमचं स्वतःचं --हेल्प बघा. ते बायनरीच्या आतच असतं, मागे राहू शकत नाही. --हेल्पचं सगळ्यात मोठं बळ मला हेच वाटतं.

मॅन पेजातून ऑप्शन कॉपी करून चिकटवला आणि ‘असा ऑप्शन नाही’ असं आलं, तर डॅश तपासा. मॅन पेज रॉफ नावाच्या जुन्या टाइपसेटिंगच्या भाषेत लिहितात, आणि तिथे साधा डॅश म्हणजे शब्द जोडणारी रेघ. खरा वजा हवा तर आधी उलटा स्लॅश लिहावा लागतो. लेखकाने तो लिहिला नाही की ग्रॉफ, म्हणजे रॉफचा जीएनयूचा अवतार, युनिकोडमधली दिसायला तशीच पण वेगळी रेघ छापू शकतो. २०२३ च्या ग्रॉफ १.२३ नंतर हा विषय पुन्हा वर आला. काही डिस्ट्रिब्युशननी ती रेघ साध्या डॅशवरच आणून ठेवली. डॅश हाताने टाइप करा, सुटतं. पानात स्लॅश मारून -व्ही शोधल्यावर डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही, त्याचंही कारण बहुधा हेच.

आपापली चूल

काहींनी स्वतंत्र संसार मांडलाय. गिटचं ‘गिट कमिट -एच’ पडद्यावर छोटी यादी देतं, आणि ‘गिट कमिट --हेल्प’ पूर्ण मॅन पेज उघडतं. नाव मधे डॅश घालून, मॅन गिट-कमिट. पर्लचं पर्लडॉक छानच, एका फंक्शनपुरतं हवं तर -एफ, पण डेबियनवर ते वेगळं टाकावं लागतं. पायथनला पायडॉक, गोला ‘गो डॉक’. विंडोजवर पॉवरशेल वापरणाऱ्यांना गेट-हेल्पमध्ये नुसती वाक्यरचना दिसून स्पष्टीकरण दिसत नसेल तर ‘अपडेट-हेल्प’ चालवावं लागतं. तिसऱ्या आवृत्तीपासून मदतीच्या फाइली सोबत येत नाहीत, नेटवरून उतरवाव्या लागतात. महापेसारख्या बंद खोलीत हे आधीच करून ठेवायचं काम. टीएलडीआरची पानं २०१३ पासून आहेत, चार उदाहरणं आणि विषय संपला. घाईत उत्तम, पण ती कोणीतरी बाहेरच्याने लिहिलेली, तुमच्या आवृत्तीची हमी नाही.

आणि /यूएसआर/शेअर/डॉक विसरू नका. प्रत्येक पॅकेजचा फोल्डर, आत रीडमी, कधी चालू उदाहरणाच्या कॉन्फिग फाइली. कॉम्प्रेस करून ठेवलेल्या असतात, झेडलेसने उघडा. इंटरनेट नसलेल्या खोलीत मला यानेच सगळ्यात जास्त वेळा वाचवलंय.

स्वतःच्या स्क्रिप्टला काय लावायचं

आमची बॅकअपची स्क्रिप्ट आहे. तिची माहिती आधी एका शेअर केलेल्या वर्ड फाइलमध्ये होती, म्हणजे नव्हतीच. वाद झाला: मॅन पेज लिहायचं, मार्कडाउन ठेवायचं की नुसतं --हेल्प?

माझं म्हणणं असं पडलं. ठाण्याच्या ट्रान्स-हार्बर प्लॅटफॉर्मवर गाडीत चढणारा माणूस इंडिकेटर बघतो, वाशी की पनवेल, बस. टाइमटेबल तो घरी बघतो. --हेल्प हा इंडिकेटर. एका पडद्यात मावलं पाहिजे. चाळीस ओळींच्या वर गेलं की लोक वाचत नाहीत. कोणता ऑप्शन दुसऱ्याला निष्प्रभ करतो, बाहेर पडताना कोणता कोड येतो, कोणती फाइल वाचली जाते, हे मॅन पेजात. त्यातलं बाहेर पडण्याच्या कोडचं प्रकरण सगळे गाळतात आणि रात्रीच्या शिफ्टला तेवढंच हवं असतं.

दोन्ही ठिकाणी दोनदा लिहिलं की महिन्याभरात दोघांत फरक पडतो. म्हणून आम्ही मजकूर स्क्रिप्टच्या --हेल्पमध्ये ठेवला आणि हेल्प-टू-मॅनने त्याचं पान बनवतो; जास्तीचा भाग वेगळ्या फाइलीतून जोडता येतो. रॉफ हाताने लिहायचं असेल तर जुन्या मॅन मॅक्रोंपेक्षा बीएसडीचे एमडॉक बरे. जुन्यात तुम्ही ‘हे ठळक, हे तिरकं’ एवढंच सांगता. एमडॉकमध्ये ‘हा ऑप्शन, ही त्याची किंमत, हे फाइलचं नाव’ असं सांगता, ठळक-तिरकं तो बघून घेतो, आणि पुढे कोणालाही फक्त ऑप्शन तेवढे शोधता येतात. मार्कडाउनवरून पॅनडॉकने मॅन पेज होतं, तेही चालतं, पण त्यात ऑप्शन आणि साधा ठळक शब्द यांत फरक राहत नाही.

पान कुठे टाकायचं? स्क्रिप्ट घरच्या .लोकल/बिनमध्ये असेल आणि ती जागा पाथमध्ये असेल, तर .लोकल/शेअर/मॅन/मॅन१ मध्ये ठेवा, लिनक्सचा मॅन आपणहून शोधतो. टाकायच्या आधी बघायचं असेल तर ‘मॅन -एल’ आणि फाइलचं नाव. शिफ्टच्या मंडळींसाठी --हेल्पच्या डोक्यावर दोन ओळी मराठीतही घातल्या होत्या. काही टर्मिनलांत जोडाक्षरं अशी फुटली की ‘प्रतिमा’चं ‘प् रतिमा’ झालं. ओळी ठेवल्या, जोडाक्षरं टाळून पुन्हा लिहिल्या.

महापेच्या पोराचं राहिलंच. पूर्ण पाथ देऊन टाइम -व्ही चालला, मेमरीचा सगळ्यात वरचा आकडा आला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन.

“दादा, हे फाइलमध्ये घ्यायचंय. मोठ्याचं चिन्ह देऊन फाइलचं नाव दिलं, तर फाइलमध्ये प्रोग्रॅमचं आउटपुट गेलं आणि टाइमचे आकडे पडद्यावरच.”

“ते एररच्या वाटेने येतात. पान उघडं आहे ना अजून? ओ शोध.”

पलीकडे की-बोर्डचा आवाज. “-ओ, आणि पुढे फाइलचं नाव. आणि जुन्याला जोडायचं असेल तर -ए पण आहे दादा. ठेवतो.”